प्लास्टिकच्या गिटारी, ड्रम आणि माइक पीसीला जोडून चौघांनी खेळायचं आहे: जोडणी, लॅग (उशीर) आणि दुरुस्तीबद्दल मदत हवी

एडिसनकर (प्रश्न)

'गिटार हिरो' आणि 'रॉक बँड' हे जुने गेम, पडद्यावरून येणाऱ्या रंगीत नोटांबरोबर वाद्याची बटणं दाबायचे. त्यांचं न्यू जर्सीतल्या गॅरेज सेलमधून जमवलेलं सामान असं आहे:

– एक्सबॉक्स ३६० ची 'गिटार हिरो' लेस पॉल, वायरलेस. नेक वेगळी निघते.
– पीएस३ ची 'रॉक बँड' स्ट्रॅटोकास्टर. सोबत डोंगल (यूएसबीला लावायचा तिचा वायरलेस रिसीव्हर) नाही.
– पहिल्या 'रॉक बँड'चा ड्रमसेट, एक्सबॉक्स ३६० चा, यूएसबी वायरवाला. चार पॅड, एक पेडल.
– त्याच सेटमधला यूएसबी माइक.

कन्सोल नाही. विंडोज ११ चा लॅपटॉप, एचडीएमआयने ५५ इंची टीव्ही, आवाजाला ब्लूटूथ साउंडबार. चार मित्र आळीपाळीने खेळणार, त्यातले दोघे अगदी नवखे.

आत्तापर्यंतची लक्षणं: ड्रम जोडल्याबरोबर ओळखला गेला, पण लाल पॅडवर एक फटका मारला की दोन लागतात. बाकी नोटा सगळ्यांच्याच चुकतात, अगदी 'ईझी'वरही. गिटारी अजून जोडताच आलेल्या नाहीत. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लाकडी जमीन, खाली शेजारी. कुठून सुरुवात करू? आणि पुढेमागे यात मराठी गाणी घालता येतात का?

---

काळी_पाच

आधी जोडणीचं बघू. या वाद्यांत दिसण्याला काडीची किंमत नाही, ती कोणत्या कन्सोलची आहेत यावर सगळं ठरतं.

एक्सबॉक्स ३६० ची वायरलेस गिटार ब्लूटूथवर चालत नाही. तिला 'एक्सबॉक्स ३६० वायरलेस रिसीव्हर फॉर विंडोज' लागतो. एका रिसीव्हरवर चार वाद्यं बसतात, म्हणजे एकच घ्यायचा आहे. बाजारात मिळणारे बरेचसे नकली असतात. ते चालतात, पण विंडोज त्यांना आपणहून ओळखत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अननोन डिव्हाइस' दिसेल. त्यावर राइट क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', मग संगणकावरच्या यादीतून निवडायचा पर्याय, त्यात 'एक्सबॉक्स ३६० पेरिफेरल्स' आणि शेवटी 'वायरलेस रिसीव्हर फॉर विंडोज'. विंडोज कुरकुर करेल, 'येस' म्हणा. मग रिसीव्हरचं बटण दाबा, गिटारवरचं छोटं पेअरिंगचं बटण दाबा, गिटारवरच्या गोल हिरव्या दिव्याचा चौथा भाग स्थिर पेटला की झालं. रिसीव्हर लॅपटॉपच्या मागच्या बाजूला टीव्हीच्या बुडाशी गाडून ठेवू नका. यूएसबी ३ च्या पोर्टला हार्ड डिस्क वगैरे लावलेली असेल तर त्याच्या शेजारी २.४ गिगाहर्ट्झला त्रास होतो. एक मीटरच्या यूएसबी एक्स्टेन्शनने मोकळ्यावर आणा.

पीएस३ च्या गिटारीची गोष्ट वाईट आहे. तिथे प्रत्येक मॉडेलला स्वतःचं डोंगल असतं आणि 'गिटार हिरो'चं डोंगल 'रॉक बँड'च्या गिटारीला चालत नाही. गॅरेज सेलमध्ये ती पाच डॉलरला मिळते ती याच कारणाने. निव्वळ डोंगल शोधायला गेलात तर ते अनेकदा अख्ख्या गिटारीहून महाग पडतं. त्यापेक्षा आतली सर्किटची पाटी बदलणं बरं. ते इथे कुणीतरी नीट सांगेलच.

पुढच्या खरेदीसाठी दोन ओळी. ३६० ची वायरवाली 'एक्सप्लोरर' गिटार दिसली तर डोळे मिटून घ्या. यूएसबी खुपसली की चालू, ड्रायव्हर नको, बॅटरी नको. निन्टेंडो वी या कन्सोलची 'गिटार हिरो' गिटार सगळ्यात स्वस्त मिळते, पण ती वीच्या रिमोटमध्ये खोचायची असते, त्यामुळे पीसीसाठी वेगळा अडॅप्टर किंवा ब्लूटूथ अधिक 'वीटारथिंग' हे सॉफ्टवेअर लागतं. वीची 'रॉक बँड' गिटार मात्र रिमोटची नाही, तिलाही डोंगल आहे. नावं सारखी म्हणून फसू नका. नवी कोरी हवी असेल तर २०२४ पासून 'रिफमास्टर' आहे. चार्ज होते, मधून घडी होते, पण त्या पैशात तीन-चार जुन्या येतात.

गेम कोणता? चौघांत गाणारा आहे म्हणजे 'यार्ग' घ्या. फुकट आहे, सोर्स खुला आहे. गिटार, बेस, ड्रम, कीज आणि गायन, सगळं एकत्र चालतं. त्याची अधिकृत गाण्यांची यादी लाँचरमधूनच उतरवता येते, म्हणजे पहिल्या दिवशी खेळायला काहीतरी असतं. 'क्लोन हिरो' गिटारवाल्यांचा लाडका आहे, हाताला गुळगुळीत लागतो, पण त्याच्या १.० आवृत्तीत गायन नाही. दोन्ही गेम गाण्यांचं एकच फोल्डर वापरू शकतात, तेव्हा दोन्ही ठेवायला हरकत नाही.

ड्रमसाठी एक सूचना. पहिल्या 'रॉक बँड'च्या सेटला झांजा जोडायची सोय नाही, ती दुसऱ्या आवृत्तीच्या सेटपासून आली. म्हणून प्रोफाइलमध्ये 'प्रो ड्रम्स' निवडू नका, साधा 'फोर लेन' निवडा. नाहीतर गोल आणि चौकोनी नोटांचा गोंधळ विनाकारण डोळ्यापुढे येईल.

---

मिलिसेकंद

"सगळ्यांच्याच चुकतात, अगदी ईझीवरही" हे वाचलं आणि वर "ब्लूटूथ साउंडबार" वाचलं. रोगाचं निदान झालं. बोटांचा काही दोष नाही.

हिशोब बघा. 'क्लोन हिरो'त नोट लागायची खिडकी साधारण ७० मिलिसेकंद आधी आणि ७० नंतर एवढी असते. ब्लूटूथवरून आवाज यायला १५० ते २५० मिलिसेकंद सहज लागतात. म्हणजे कानावर विसंबून वाजवणारा माणूस प्रत्येक नोटेला खिडकीबाहेर असतो. टीव्ही चित्र सजवायला, म्हणजे हालचाल गुळगुळीत करणं वगैरे, वरून आणखी ५० ते १०० खातो. डोळा एक सांगतो, कान दुसरं, आणि बोटं बिचारी मध्ये.

कॅलिब्रेशनने, म्हणजे हा उशीर मोजून गेमला सांगितला की, हे सगळं भरून काढता येतं असं लोक समजतात. अर्धंच खरं आहे. स्थिर उशीर भरून निघतो. ब्लूटूथचा उशीर स्थिर नसतो, आज १८०, उद्या २२०, मध्येच पुन्हा जोडलं की आणखी वेगळा. म्हणून क्रम असा ठेवा:

१. साउंडबारला वायर लावा. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून ३.५ मिमीची ऑक्स वायर थेट साउंडबारला. एचडीएमआयने टीव्हीत जाऊन तिथून साउंडबारला, हा वळसा नको. साउंडबारवरचे 'सराउंड', 'व्हर्च्युअल' वगैरे प्रकार बंद.

२. टीव्हीवर 'गेम मोड' चालू करा. तो प्रत्येक एचडीएमआय पोर्टला वेगळा लावावा लागतो, ज्या पोर्टला लॅपटॉप आहे तिथेच बघा.

३. विंडोजमध्ये पडदा 'डुप्लिकेट' ठेवू नका, 'सेकंड स्क्रीन ओन्ली' ठेवा. दोन पडदे वेगवेगळ्या गतीचे असले की गेम अडखळतो. लॅपटॉप चार्जरवर हवा, बॅटरीवर तो आपली गती कमी करतो. गेममधलं व्ही-सिंक बंद.

४. आता कॅलिब्रेशन. आधी आवाजाचं, डोळे मिटून. ठोका ऐकायचा आणि स्ट्रम (गिटारवरची वर-खाली होणारी पट्टी) मारायचा. पहिले चार ठोके नुसते ऐका, मग पंधरा-वीस मारा. मग चित्राचं, आवाज बंद करून. दोन्ही एकदम करायला गेलं की डोळा कानाला फसवतो आणि आकडा मधलाच कुठला तरी येतो.

५. दोन्ही तीनदा करा. तीन आकडे दहाच्या आत जमले तर सरासरी घ्या. ४०, ९०, ६० असे विस्कटले तर माणूस बदला. लय पक्की असलेल्यानेच कॅलिब्रेट करावं, ज्याचा लॅपटॉप आहे त्याने नव्हे.

६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चौकट १६.७ मिलिसेकंदांची असते, तेव्हा पाच-सात मिलिसेकंदांवरून भांडण नको. स्पीकर तीन मीटरवर असला तरी आवाजाला पोचायला ९ मिलिसेकंद लागतातच, आणि ते कॅलिब्रेशनमध्ये आपोआप धरले जातात. फक्त जिथे बसून खेळणार तिथूनच करा. वायरलेस गिटार आणि वायरवाला ड्रम यांत थोडा फरक राहतो, 'यार्ग'मध्ये तो प्रत्येक प्रोफाइलच्या 'इनपुट कॅलिब्रेशन'मध्ये वेगळा देता येतो.

जाता जाता, २००८ च्या 'रॉक बँड २'च्या गिटारीत प्रकाशाचा सेन्सर आणि छोटा माइक बसवलेला होता. गिटार टीव्हीपुढे धरली की गेम स्वतःच कॅलिब्रेट व्हायचा. एवढी साधी सोय पुढे बहुतेक ठिकाणी गायब झाली, याचं वाईट वाटतं.

---

एडिसनकर

वायर लावली, गेम मोड लावला. आवाजाचा आकडा २१४ वरून ३८ वर आला, चित्राचा ९६ वरून ३१ वर. ईझीवर नव्वद टक्क्यांच्या पुढे. रिसीव्हरही आला, लेस पॉल जोडली.

राहिलेले प्रश्न: (अ) लेस पॉलचं नारिंगी बटण मध्येच सुटतं, लांब धरलेली नोट तुटते. (आ) गाणाऱ्याला स्वतःचा आवाज स्पीकरमधून उशिरा ऐकू येतो. (इ) लाल पॅड अजून डबल. (ई) शेजारी.

---

फेव्हिक्विक_नको

(अ) नारिंगी बटण ठीक असणार. लेस पॉलची नेक निघते ना, तिथे धातूच्या टोकांची एक ओळ आहे. मळते किंवा दबते. नेक थोडी हलली की सगळ्यात आधी एखादंच बटण सुटतं. आधी खात्री करा: विंडोजमध्ये रनमध्ये जॉय डॉट सीपीएल टाइप करा, गिटार निवडा, नारिंगी दाबून धरा आणि नेक हळूच वाकवा. दिवा लुकलुकला तर दोष सांध्याचाच. न हलवताही लुकलुकला तर बटणाखालचा रबर किंवा कार्बनची टिकली.

सांध्याचा उपाय: बॅटऱ्या काढा, नेक काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल ९० टक्क्यांच्या पुढचं, कानकाडीने दोन्ही बाजू पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. फरक पडला नाही तर बॉडीकडच्या टोकांना सुईच्या टोकाने अर्धा मिलिमीटर वर उचला. जास्त नाही, मोडली की संपलं. तरीही होत असेल तर नेक बसवून मागचं लॉक नीट लागतं का बघा, सैल असेल तर सांध्यात जाड कागदाची घडी. काहीजण तारा थेट डकवून टाकतात. टिकतं पक्कं, पण मग गिटार बॅगेत मावत नाही. फेव्हिक्विक तर अजिबात नको, त्याची वाफ टोकांवर पांढरा थर धरते आणि होता तोही संपर्क जातो.

उघडायची वेळ आली तर काही स्क्रू चांदणीच्या आकाराचे, म्हणजे टॉर्क्स असतात आणि एखाददुसरा स्टिकरखाली लपलेला असतो. सगळे काढल्याशिवाय पाना घालून उचकटू नका.

स्ट्रमबद्दल विचारलं नाहीत, पण विचाराल. 'गिटार हिरो'चा स्ट्रम टिकटिक वाजतो कारण त्यात मायक्रोस्विच असतात, 'रॉक बँड'चा मऊ आणि जवळजवळ गप्प. टिकटिकवाला झिजला की एक झटका दोन म्हणून मोजला जातो, गेम त्याला जादाचा स्ट्रम समजतो आणि ओळीने जमवलेली साखळी तुटते. माणूस म्हणतो, "मी तर एकदाच मारला!" तो खरंच बोलत असतो. मायक्रोस्विच दोन असतात, एक वर एक खाली. बदलायचे तर दोन्ही एकदम बदला, नाहीतर वरचा आणि खालचा झटका हाताला वेगळा लागतो.

(इ) लाल पॅड. पॅडखाली पिएझो चकती असते, फटक्याचा थरथराट वीज होऊन येतो. डबल लागायची कारणं तीन. काठी पॅडवर टेकून राहते आणि बारीक उसळी मारते: हे वाजवण्याचं आहे, काठी सैल धरा, मधोमध मारा आणि परत येऊ द्या. दुसरं, पॅडचे स्क्रू सैल होऊन सगळं कवचच कंप पावतं: मागून घट्ट करा. तिसरं, चकतीखालचा फोम चपटा झालेला: पॅड उघडून चकतीभोवती तीन-चार मिलिमीटर जाडीचा दाट फोम लावा, चकतीवर थेट डिंक थापू नका. चकतीची तार नाजूक असते, ओढली की सुटते. सुटलेली दिसली तर पांढऱ्या भागावर सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांहून जास्त टेकवू नका, मुलामा उडतो.

लाल मारल्यावर शेजारचा पिवळाही लागत असेल तर तो वेगळा आजार, कंप फ्रेममधून जातो. पॅड आणि फ्रेमच्या मध्ये रबराचे वॉशर घाला.

पेडल: पहिल्या 'रॉक बँड'चं पेडल मधून तडकतं, हे जगजाहीर आहे. तडा जायच्या आधीच वर दोन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी चार स्क्रूंनी बसवून टाका. नवं घेताना नीट बघा: 'रॉक बँड'च्या पेडलमध्ये चुंबक आणि रीड स्विच असतो, 'गिटार हिरो'चं पेडल त्या तत्त्वावर नाही. पिन सारखी दिसते म्हणून एकाचं दुसऱ्याला चालेल असं नाही.

(ई) शेजाऱ्यांना पॅडचा आवाज जात नाही, पेडलचा जातो. सतरंजीने काही होत नाही, धक्का लाकडातून खाली उतरतो. १८ मिलिमीटर प्लायवुडचे दोन तुकडे, ड्रमसेट आणि स्टूल दोन्ही मावतील एवढे. खालच्या तुकड्यात साधारण ५० मिलिमीटरची भोकं पाडून त्यांत टेनिसचे चेंडू बसवा, वर दुसरा तुकडा. १२ ते १६ चेंडू पुरतात, पेडलच्या खाली दाटीने, बाकी विरळ. स्टूलही वरच हवं, नाहीतर पाय जमिनीवर आणि पेडल हवेत. वर एक रबरी मॅट, म्हणजे पेडल पुढे सरकत नाही. पॅडचा टकटकाट खोलीतल्यांनाच नको असेल तर जुने माऊसपॅड गोल कापून वर ठेवा, पण मग फटका जरा जोरात मारावा लागतो.

---

काळी_पाच

(आ) राहिलं. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज स्पीकरमधून ऐकवायचा म्हटलं की माइक, लॅपटॉप, स्पीकर असा प्रवास होतो आणि कॅलिब्रेशन इथे काहीच करू शकत नाही. कॅलिब्रेशन गेमला थांबवू शकतं, गळ्याला नाही. सेटिंगमध्ये माइकचं मॉनिटरिंग शून्यावर आणा. खोलीत माणूस स्वतःला ऐकतोच.

माइक तोंडापासून तीन-चार बोटं, तोंड स्पीकरकडे. माइकची पाठ स्पीकरकडे राहिली पाहिजे, नाहीतर गाण्यातला मूळ गायकच माइकमध्ये शिरतो आणि फुकटचे गुण देतो. तशी फसवाफसवी चालत असेल तर मूळ आवाजाचा ट्रॅक कमी करा. सप्तकाची चिंता नको, गेम स्वर तपासतो, सप्तक नाही. बाईचं गाणं पुरुषाने खालच्या सप्तकात म्हटलं तरी पट्टी तीच असली की गुण तेवढेच. माझ्या आयडीवरून माझी पट्टी काढू नका.

---

जुगाडू_पुणे

डोंगल नसलेल्या स्ट्रॅटबद्दल. रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घ्या, साधा, वायफाय नसलेलाच. त्यावर 'सँट्रोलर' हे फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच बसणारं सॉफ्टवेअर. पिको गिटारीच्या मूळ पाटीची जागा घेतो आणि पीसीला ती यूएसबीची गिटार म्हणून दिसते. पुण्यात सगळं सामान पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं, तिकडे ऑनलाइन मागवा.

सामान: पिको एक, तीन मीटरची डेटावाली यूएसबी केबल (नुसती चार्जिंगची नको), २८ गेजची बारीक तार, मल्टिमीटर, सोल्डर.

इनपुट मोजा: पाच बटणं, स्ट्रम वर, स्ट्रम खाली, स्टार्ट, सिलेक्ट. नऊ झाले. प्रत्येक स्विचचा एक पाय पिकोच्या एका जीपी पिनला, दुसरा पाय ग्राउंडला. वेगळे रेझिस्टर नकोत, आतले पुल-अप पुरतात. सगळ्यांचं ग्राउंड एकमेकांना साखळीसारखं जोडत न्या, नऊ तारा वेगळ्या नेऊ नका. व्हॅमीचा (सूर लचकवायचा) दांडा म्हणजे पोटेन्शियोमीटर. त्याची मधली तार जीपी २६, २७ किंवा २८ यांपैकी एकाला, कडेच्या दोन ३.३ व्होल्ट आणि ग्राउंडला. पाच व्होल्ट देऊ नका, पिन जळते.

बटणांच्या पाटीवर सामाईक पट्टा कोणता ते मल्टिमीटरच्या बीपवर शोधा: एक टोक एका पट्ट्यावर, बटणं एकेक दाबत जा. सगळ्या बटणांना ज्याच्याशी बीप येतो तो सामाईक. मूळ पाटीकडे जाणाऱ्या तारा कापूनच टाका. जुनी चिप समांतर राहिली तर बटणं अर्धवट दाबलेली दिसतात. खालच्या बाजूची पाच छोटी सोलो बटणं पहिल्या झटक्यात सोडून द्या.

पिकोवरचं बूटसेल बटण दाबून धरून यूएसबी लावा, ड्राइव्ह दिसेल. सँट्रोलरच्या टूलमधून फर्मवेअर चढवा, उपकरणाचा प्रकार 'गिटार', पिना नेमा, सेव्ह. डिबाउन्स (एक दाब मोजल्यावर पुढचा मोजण्याआधी थांबायचा वेळ) बटणांना कमी, स्ट्रमला थोडा जास्त ठेवा. डबल स्ट्रम दिसेनासा होईल एवढाच. उगाच वाढवलात तर जलद वर-खाली वाजवताना नोटा गिळल्या जातात. सिलेक्टने स्टार पॉवर (खेळताना साठवून हवी तेव्हा वापरायची जादा शक्ती) चालू होते, म्हणून तिरकी केल्यावर चालणारा टिल्ट सेन्सर नंतर जोडला तरी चालेल.

केबल बाहेर पडते तिथे आतून झिप टाय आवळा. हे विसरलात तर पहिल्याच संध्याकाळी कुणाचा तरी पाय अडकतो आणि पिकोचं यूएसबीचं तोंड उखडतं.

---

नवखा_०७

मध्येच घुसतो. गिटारच नसेल तर कीबोर्डवर होतं का? हॉस्टेलवर आहे, बजेट शून्य.

---

जुगाडू_पुणे

होतं की. २००६ च्या 'फ्रेट्स ऑन फायर'मध्ये तेच होतं: कीबोर्ड उचलून गिटारसारखा धरायचा, एफ१ ते एफ५ बटणं, एंटर म्हणजे स्ट्रम. 'क्लोन हिरो'तही कळा हव्या तशा नेमता येतात. अडचण एकच: स्वस्त मेम्ब्रेन कीबोर्डवर तीन कळा एकदम दाबल्या की एखादी लागतच नाही. कोणत्या तीन चालतात ते आधी नोटपॅडमध्ये दाबून बघ आणि त्याच नेम. जवळजवळच्या चालत नसतील तर वेगवेगळ्या ओळींतल्या घे.

---

मिलिसेकंद

नवख्यांसाठी दोन-तीन गोष्टी, कारण चौघांत दोन नवखे म्हणजे गाणं अर्ध्यात बंद पडण्याची हमी.

'नो फेल' चालू ठेवा, म्हणजे कितीही चुकलं तरी गाणं बंद पडत नाही. नवख्याला बेस द्या, तिथे नोटा कमी आणि ठेक्यावर असतात. मूळच्या गाण्यांत ईझीवर हिरवं-लाल-पिवळं एवढंच येतं, मीडियमला निळं वाढतं, हार्डला नारिंगी. खरा डोंगर मीडियम ते हार्ड हाच आहे, कारण पाच बटणांना बोटं चारच. तिथे हात सरकवायला शिकावं लागतं. करंगळी नारिंगीवर ताणण्यापेक्षा अख्खा हात एक घर पुढे न्या.

नोटा दाटीने दिसत असतील तर नोटांची गती वाढवा. उलटं वाटतं, पण गती वाढली की दोन नोटांमधलं अंतर वाढतं आणि डोळ्याला त्या वेगळ्या वाचता येतात. गाण्याचा वेग तोच राहतो. स्ट्रम वर-खाली आळीपाळीने, नुसता खाली मारत राहिलं की मनगट दुसऱ्या गाण्याला भरून येतं.

स्टार पॉवर अर्धी भरली की वापरता येते. मूळ 'रॉक बँड'मध्ये एखादा बाद झाला तर दुसऱ्याने आपली शक्ती वापरून त्याला परत आणायचं असतं, आणि तेही दोनदाच, तिसऱ्यांदा बाद झालेला बाहेर. म्हणून जुने खेळाडू शक्ती गुणांसाठी उधळत नाहीत, नवख्यासाठी राखून ठेवतात.

---

ठेका_दादरा

मराठी गाण्यांचं बघू. घालता येतात, 'मूनस्क्रेपर' नावाच्या चार्ट एडिटरमध्ये. चार्ट म्हणजे गाण्याच्या नोटांची मांडणी. एका गाण्याचं एक फोल्डर: नोटांची चार्ट फाइल, माहितीची सॉंग डॉट आयएनआय आणि आवाजाची ओजीजी फाइल. एमपी३ वापरू नका. एमपी३ च्या सुरुवातीला रिकामी जागा घुसते आणि ती प्रत्येक रूपांतरात वेगळी असते, म्हणजे चार्ट झाल्यावर फाइल बदललीत की सगळं सरकलं. वाद्यांचे वेगळे ट्रॅक असतील तर नोट चुकल्यावर ते वाद्य गप्प होतं. एकच मिश्र फाइल असेल तर ते होत नाही, बाकी खेळ तोच.

नोटा लिहिणं सोपं आहे, लयीचा नकाशा करणं अवघड. जुनी गाणी क्लिकवर नव्हे, माणसांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत. अंतऱ्यात लय चढते, पुन्हा धृपदावर येताना किंचित उतरते. एकच बीपीएम देऊन टाकलात तर पहिलं कडवं छान आणि तिसऱ्यात सगळं अर्धी मात्रा बाहेर. म्हणून पहिली सम नेमकी पकडा, मग दर एक-दोन आवर्तनांनी टेम्पोची खूण सरकवून सम समेवर आणा. तीन मिनिटांच्या गाण्याला पन्नास-साठ खुणा लागल्या तर नवल नाही. नोटा त्यानंतरच.

केरवा सोपा, आठ मात्रा म्हणजे ४/४ मध्ये आठ आठव्या (१/८ च्या नोटा). दादऱ्याला ६/८ द्या. ४/४ मध्येच ठेवून १/१२ च्या जाळीवर (एडिटरच्या ग्रिडवर) नोटा बसवल्या तरी ऐकायला बरोबर येतं, पण पडद्यावरच्या मात्रांच्या रेषा चुकीच्या जागी येतात. शिवाय स्टार पॉवर मापांत (म्हणजे बारमध्ये) मोजून संपते, भरलेली पट्टी आठ मापं टिकते. ताल चुकीचा दिलात की ती कमी-जास्त टिकते. रूपक आला तर ७/८ किंवा ७/४, लयीप्रमाणे.

तबला-ढोलकी चार पॅडवर बसवताना: बायाँचा घुमारा पेडलला, 'ना' आणि चाटीचे बोल लालला, 'तिं-तूं' पिवळ्याला, मंजिरी-टाळ निळ्याला, हिरवा समेच्या वजनदार फटक्यापुरता. प्रत्येक बोल लिहायचा मोह टाळा. ढोलकीचा तोडा जसाच्या तसा उतरवलात तर दोन काठ्यांनी तो वाजवणं अशक्य आहे, दहा बोटांचं काम आहे ते. ऐकू येणाऱ्या बोलांपैकी ज्यांच्यावर कान थांबतो तेवढेच ठेवा. ताशाच्या कडकडाटाला सोळाव्या भागाच्या नोटा, एका ओळीत एका मापापेक्षा जास्त नको.

गायनाचा भाग 'मूनस्क्रेपर'मध्ये होत नाही, तिथे फक्त शब्द दिसतात. सूर तपासायचे असतील तर मिडी फाइल लागते, ती 'रीपर'मध्ये करतात. मींड, मुरक्या जशाच्या तशा लिहायला गेलात तर चांगला गाणाराही नापास होतो. मुख्य स्वर लांब लिहा आणि मुरकीच्या जागी त्याला मोकळं सोडा.

---

एडिसनकर

आयसोप्रोपिलने नारिंगी सुटायचं थांबलं. लाल पॅडचे मागचे दोन स्क्रू खरंच सैल होते, घट्ट केल्यावर डबल फार क्वचित. पिको मागवला आहे.

@ठेका_दादरा, एक शंका: भजनी ठेका आठ मात्रांचाच आहे, पण झोल दिला की आठव्या सरळ पडत नाहीत, किंचित मागे रेंगाळतात. तिथे १/८ ची जाळी ठेवायची की १/१२ ची?

---

ठेका_दादरा

लहरी झोल असेल तर दोन्ही नको. समेपासून समेपर्यंत टेम्पो पक्का बसवा, जाळी १/४८ वर न्या आणि तेवढ्या आठव्या कानाने मागे ओढा. पडद्यावर त्या रेषेवर दिसणार नाहीत, त्याचं काही नाही. मात्र पूर्ण गाणंभर रेंगाळणं एकसारखं असेल तर सरळ १/१२ घ्या, तिघांतली पहिली आणि तिसरी. वेळ वाचेल. एका अंतऱ्यापुरतं करून अर्ध्या वेगाने वाजवून बघा, एडिटरमध्ये टाळीचा आवाज चालू करता येतो. टाळी आणि टाळ एकत्र पडले की पुढे चला.